गळ टाकण्याआधी विचारा: तळे कुणाचे आणि मासे कुणाचे?

या पानावर आजवर हुमणीवर लिहिले, ठिबकवर लिहिले, माती परीक्षणावर तर इतके लिहिले की घरातली माणसेही वाचेनाशी झाली. आज गळावर लिहितो. म्हणजे मासे धरायच्या गळावर. कृषी खात्याच्या माणसाने पाण्यात कशाला उतरावे, असे कुणी विचारेल. त्याला उत्तर आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा मासे पाळणारा हाही आता आपल्यातलाच शेतकरी. आणि खरे कारण विचाराल तर मला स्वतःला गळाचा नाद आहे. बांबूची काठी, तंगूस, तरंगायला धाटाच्या भेंडाचा तुकडा आणि उकिरड्यातली मूठभर गांडुळे, एवढ्या भांडवलावर आमचे सगळे रविवार ओढ्याकाठी गेले. परवाना गाडीला लागतो, बंदुकीला लागतो, एवढे ठाऊक होते. गळालाही कुणाचा कागद लागतो हे नोकरीला लागल्यावर कळले, आणि तेही एका भांडणात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, भांडण मिटले आहे आणि ते मिटलेलेच बरे. दिवाळीनंतरचा रविवार होता. एका शेतकऱ्याच्या शेततळ्याची मोजणी करायला गेलो होतो. परत येताना तलावाच्या भरावावर ही गर्दी. लघु पाटबंधाऱ्याचा तलाव, गावापासून हाकेच्या अंतरावर. तालुक्याच्या गावाहून आलेले एक शिक्षक आणि त्यांचे दोन सोबती. हातात घडीच्या काठ्या, त्यांना रीळ लावलेले, डोक्यावर टोप्या. मच्छीमार संस्थेच्या राखणदाराने त्यांच्या काठ्या आणि पिशवी धरून ठेवलेली. पिशवीत दोन रोहू आणि एक मृगळ.

"गुरुजी, ह्ये मासं आमी सोडल्यात," राखणदार सांगत होता.

"तलाव सरकारी, पाणी सरकारी. आणि मी काय जाळं टाकलंय का? गळ टाकलाय गळ," गुरुजी.

गावातल्या पोरांनी तिसरीच बाजू धरली. "तळं गावाचं हाय. जमिनी आमच्या आज्याच्या गेल्या, आन मासं संस्थेचं कवा झालं?"

मला वाटले, यातला एक जण तरी सरळसरळ चुकीचा निघेल. तसे झाले नाही. संस्थेच्या सचिवांनी दप्तर आणले. ठेक्याचा करार, रक्कम भरल्याची पावती, बोटुकली विकत घेतल्याची पावती. सगळे जागेवर. संस्थेत बहुतेक भोई समाजाची कुटुंबे. शेती नाही किंवा नावापुरती. हा तलाव हेच त्यांचे वावर. पोरांचेही खोटे नव्हते, तलावाखाली गेलेल्या जमिनी त्यांच्याच घरच्या. आणि गुरुजी तर तिथेच मला म्हणाले, "साहेब, फी काय असेल ती भरतो. पण कुठे भरायची तेवढं सांगा."

मंडळी, मला ते सांगता आले नाही. बारा गावांना खताच्या मात्रा सांगत फिरणारा माणूस मी, आणि माझ्याकडे याचे उत्तर नव्हते.

एका कागदासाठी चार उंबरे

गुरुजी चिवट. त्यांनी खरोखरच कागद काढायचे ठरवले. आधी ग्रामपंचायतीत गेले. तिथे सांगितले, तलाव आमचा नाही. मग पाटबंधाऱ्याच्या शाखेत. तिथे म्हणाले, पाणी आमचे, मासे आमच्याकडे नाहीत. मग तहसीलला. तिथे अर्ज घेतला, शिक्का मारला आणि अर्ज पडून राहिला. शेवटी जिल्ह्याला मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात. तिथे एका कर्मचाऱ्याने पहिल्याच वाक्यात विचारले, "तलावाचा ठेका कुणाकडे आहे?" हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारला असता तर गुरुजींच्या चार किरकोळ रजा वाचल्या असत्या. गंमत अशी की चारही ठिकाणी कुणी खोटे बोलले नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते खरेच सांगितले.

तर वाचकहो, गाडीच्या लायसनसारखा हौशी मासेमारीचा एकच परवाना काढावा आणि राज्यात कुठल्याही पाण्यात गळ टाकावा, अशी सोय आपल्याकडे नाही. आपल्याकडे परवानगी पाण्यागणिक बदलते. म्हणून पहिले काम, तळे कुणाचे ते बघा. त्यासाठी तलावाच्या गटाचा सातबारा काढा. तलाठ्याकडे मिळेल. (2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून कुणी म्हणत नाही, पण अर्जावर तसे लिहा.) सातबाऱ्यावर पाटबंधारे विभाग आहे की जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आहे की खासगी मालक, हे कळले की निम्मे काम झाले.

मोठ्या आणि मध्यम धरणांत आणि बऱ्याचशा शासकीय तलावांत व्यवस्था तीन पदरी असते. पाणी पाटबंधाऱ्याचे, मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि प्रत्यक्ष ठेका एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. ठेका चालू असेल तोवर त्या पाण्यात सोडलेला मासा संस्थेचा. अशा ठिकाणी हौशी माणसाने आधी संस्थेच्या कार्यालयात जायचे आणि संस्थेची लेखी परवानगी घ्यायची. पण इथे संस्थांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठेका परस्पर दुसऱ्याला पोटठेक्याने द्यायचा नाही, अशी अट असते. गळाचा पास देणे आणि पोटठेका देणे यांत फरक आहे, पण तो फरक तुमच्या करारात लिहिला आहे का ते वाचा. लिहिला नसेल तर सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, यांना एक अर्ज करून लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय हो" यावर जाऊ नका. उद्या तक्रार झाली तर तोंडी बोलणारा बदलून गेलेला असतो.

तलावाचा ठेका गेलेलाच नसेल तर संस्था मध्ये येत नाही, सरळ मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारायचे. गावतळे ग्रामपंचायतीच्या मालकीचे असेल आणि लिलावात दिलेले नसेल तर ग्रामसभेत ठराव करून फी ठरवता येईल. पैसे घेतले की नमुना 7 ची सामान्य पावती फाडा. सरपंच मंडळींना हात जोडून सांगतो, वहीच्या कागदावर "100 रुपये मिळाले" असे लिहून देऊ नका. पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात तोच कागद तुमच्या गळ्यात गळ होऊन बसेल.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर आपल्याकडे सगळे प्रकार आहेत. मुळा धरण आहे, ठेक्यावर गेलेले छोटे तलाव आहेत. शेवगाव-नेवाशाकडे नाथसागराचे फुगवट्याचे पाणी आहे, आणि नाथसागर 1986 मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला. अकोल्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. अभयारण्यात गळ टाकायचा विचार मनात आला तर आधी वनखात्याच्या कार्यालयात जा. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. अकोल्यातल्याच आदिवासी गावांसाठी आणखी एक गोष्ट. वनहक्क कायदा 2006 चा, त्यात गावाच्या सामूहिक हक्कांमध्ये पाण्यातल्या माशांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि अनुसूचित क्षेत्रात छोट्या पाणवठ्यांचे नियोजन पंचायतीकडे असावे, असे 1996 चा पेसा कायदा म्हणतो. तिथे बाहेरच्या माणसाला गळ टाकू द्यायचा की नाही, हे ग्रामसभेत बोलूनच ठरवावे. पाहुण्यानेही ग्रामसभेला विचारूनच यावे.

विलायतेत हे फार सोपे असते असे आपल्याला वाटते. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात काठीने मासे धरायचे तर 13 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. 13 ते 16 वयाच्या मुलांना तो फुकट, मोठ्यांना एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा. पण तो खिशात असला तरी ज्याचे पाणी आहे त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. म्हणजे शेवटी तिथेही प्रश्न तोच, तळे कुणाचे.

कागदावर काय असावे

गुरुजींना शेवटी पास मिळाला. संस्थेच्या बैठकीत विषय निघाला, खात्याला पत्र गेले, उत्तर आले. तोवर उन्हाळा लागला होता. पण पासावर काय लिहायचे याचा कुणालाच अंदाज नव्हता, तेव्हा सचिव माझ्याकडे आले. मी त्यांना पेंचची हकीकत सांगितली. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मासेमारी करायला तिथल्या मूळच्या आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेशच्या बाजूने 305 परवाने दिलेले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये निकाल लागला. न्यायालयाने परवाने मोडीत काढले नाहीत, पण अटी घातल्या. फोटोचे ओळखपत्र, परवाना दुसऱ्याला देता येणार नाही, धरलेल्या माशांची रोजची नोंद, काठावर आग पेटवायची नाही. तिथे पोटाचा प्रश्न होता, इथे हौसेचा आहे. पण अटी कशा असाव्यात याचा तो चांगला नमुना आहे.

त्यावरून आमच्या संस्थेने पास केला. नाव, पत्ता, फोटो, तारीख कधीपासून कधीपर्यंत. एका माणसाला एकच काठी. जाळे, फासे, काटे लावलेली लांब दोरी चालणार नाही. दिवसाला दोन मासे न्यायचे, बाकीचे सोडायचे. सांडव्याजवळ आणि विहिरीजवळ (पाणी सोडायच्या दरवाजाची विहीर, तीच) बसायचे नाही. दारू नाही. राखणदाराने मागितला की पास दाखवायचा, आणि राखणदारानेही काठीला हात लावायचा नाही, सचिवांना बोलवायचे. ही शेवटची अट गुरुजींनी घालायला लावली.

दोन माशांवर बरीच घासाघीस झाली. गुरुजींना पाच हवे होते. सचिवांनी तिथेच बोटांवर हिशेब मांडला. समजा दहा जण पास काढतात. प्रत्येकाने रविवारी दोन किलो नेले, वर्षाचे चाळीस रविवार धरले, तर आठशे किलो मासा गेला. फी किती घ्यायची ते या आठशे किलोच्या भावावर ठरवा, गुरुजींच्या तोंडाकडे बघून ठरवू नका. बोटुकली म्हणजे बोटभर मासा. ती सोडल्यापासून कटला किलोच्या आसपास व्हायला साधारण वर्ष लागते, रोहू-मृगळ त्याच्या मागे. मधल्या काळात पाणी आटले, चोरी झाली, पुरात मासे सांडव्यावरून गेले, तर नुकसान ठेकेदार संस्थेचे. उसाच्या फडात शिरून कुणी दोन कांडी मोडून खाल्ली तर आपण हसून सोडतो. पण रोज दहा जण शिरले तर?

सोडायचा मासा नीट सोडा, नाहीतर सोडून उपयोग नाही. हात ओला करून धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा बुरशी येऊन मरू शकतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, सोडवायला सोपे जाते. भरावावर फेकून फोटो काढत बसू नका.

बांबूची काठी घेऊन बसणारी गावची पोरे, आणि संध्याकाळच्या कालवणापुरत्या दोन चिलापी धरणारे म्हातारे, यांचे काय? माझे मत विचाराल तर त्यांना पास मागू नये. चिलापी आपोआप वाढते, ती कुणी विकत घेऊन सोडलेली नसते, उलट कमी झाली तर रोहू-कटल्याला खाद्य उरते. संस्थेने ठराव करून एक काठ गावासाठी मोकळा ठेवला. कायद्याने तसे करायलाच हवे होते असे नाही. पण राखणदार एक आणि पोरे चाळीस, हेही खरे.

पावसाळ्यात गळ बंद

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. पासात पावसाळ्याचे महिने नकोत. पहिल्या पुराला मासे ओढ्याने वर चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वलगणीचे. पोट अंड्यांनी भरलेले असते. त्या वेळी एक मादी धरली की तिच्या पोटातली लाखांनी अंडी गेली. लोक म्हणतात, "साहेब, वर्षातनं दोनच दिवस तर मिळत्यात." मी स्वतः लहानपणी चढणीचे मासे पोत्याने आणलेले आहेत, त्यामुळे फार वर तोंड करून बोलत नाही. पण आमच्या त्या ओढ्याला आता चढायला मासाच उरलेला नाही. इंग्लंडमध्ये बहुतेक नद्यांवर 15 मार्च ते 15 जून सालमन-ट्राउट सोडून बाकी माशांना गळ बंद असतो, तो याच कारणाने. आपला हंगाम वेगळा, आपण आपल्या पावसाकडे बघून ठरवायचे.

गळाला बंदी घालायला आपल्याकडे जुन्या लोकांना कुठल्या खात्याची गरज पडली नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वर. तिथले मासे देवाचे. माणसे त्यांना चुरमुरे घालतात, गळ कुणी टाकत नाही. म्हणून तिथे महसीर टिकला, बाकी नदीत त्याची काय गत झाली ते आपण बघतोच. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीराचे बीज मुद्दाम तयार करावे लागते.

शेततळ्याला मात्र कुणाचा कागद नको. तुमचे तळे, तुमचे मासे. पाहुण्यांना गळ टाकू द्या, तासाचे पैसे घ्या. 2020 मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले आहे, त्यात नोंदणी करून हा धंदा रीतसर करता येतो. पण तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असेल तर ते ओले झाल्यावर साबणासारखे निसरडे होते. आत गेलेला पोहणारा माणूसही वर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडा, ट्रकच्या जुन्या ट्यूब बांधा, कुंपण करा. हे केल्याशिवाय एकाही पाहुण्याला काठी देऊ नका. मी पंचनाम्याला उभा राहिलेलो आहे, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता शेवटचे, आणि हे लिहायचे की नाही याचा दोन दिवस विचार केला. पास सुरू झाल्यावर गावात सगळे गोड झाले असे समजू नका. गेल्या भाद्रपदात एका सकाळी तलावाच्या एका कोपऱ्यात मासे उलटे तरंगताना दिसले. पाण्याला औषधाचा वास. कुणी रागाने ओतले, की कुणी फवारणीचा पंप आणि डबे तिथे धुतले, ते आजवर कळलेले नाही. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना फार जहाल. पिकावर घेतो त्या मानाने अगदी किंचित पाण्यात गेले तरी मासा मरतो. तेव्हा पंप तळ्यात, ओढ्यात धुऊ नका, बांधावरच पडीक जागेत धुवा. आणि मुद्दाम विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

त्या दिवशी मेलेले मासे गोळा करून पुरायला राखणदाराबरोबर पास काढलेले गुरुजी होते, आणि "तळं गावाचं" म्हणणाऱ्या पोरांपैकी सहा-सात जण होते. बाकीचे आले नाहीत. त्या तलावाच्या ठेक्याची मुदत येत्या वर्षात संपते. नव्या करारात गळाच्या पासाचे कलम घालावे, गावाचा काठ त्यात लेखी यावा आणि पासाच्या रकमेतला काही भाग बोटुकली खरेदीला बाजूला काढावा, असा अर्ज संस्थेने आणि गावाने मिळून तयार केला आहे. पुढच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल. पोरांच्या बाजूने बोलायला कोण उभे राहणार, हे अजून ठरायचे आहे.